सगळे दाजीला फोन करायचे

नर्सने पेशंटवर जळू नये, असं नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? पेशंटवर जळण्यासारखं असतं काय? बिचारा खाटेवर पडलेला, नाकात नळी, पोटावर पट्टी. पण मी जळले. चांगली वर्षानुवर्षं जळले, आणि निवृत्त होऊन घरी बसले तरी ती आग पुरती विझलेली नाही. विझणार कशी? ज्याच्यावर जळले तो आजही मिठबावला पडवीत बसून दिवसभर फोनवर असतो. या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' म्हटलं तेव्हा मला पहिला तोच आठवला. म्हणजे इथेही पहिला नंबर दाजीचाच.

मी कणकवलीच्या एका खाजगी इस्पितळात होते. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे एकाच प्रकारची माणसं असायची. कॅन्सरमुळे ज्यांचं मूत्राशय काढून टाकलंय, अशी. आता हे काय असतं ते आधी सांगते. कॅन्सर मूत्राशयाच्या भिंतीत खोल शिरला की बहुतेकदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं. मग लघवी जाणार कुठे? तर आतड्याचा वीतभर तुकडा घेतात, दोन्ही मूत्रपिंडांतून येणाऱ्या नळ्या त्याला जोडतात आणि त्या तुकड्याचं तोंड बेंबीच्या उजव्या बाजूला पोटावर आणून शिवतात. रुपयाएवढं, लाल, ओलं तोंड. त्यावर बॅग चिकटवायची. लघवी सांगूनसवरून येत नाही, आपली येतच राहते. बॅग भरत आली की खालची तोटी उघडून रिकामी करायची आणि तीन-चार दिवसांनी नवी लावायची. तीही सकाळी उठल्या उठल्या, चहा पोटात जायच्या आधी, कारण तेव्हा धार कमी असते. हे हाताला बसायला महिना-दोन महिने लागतात. मनाला बसायला किती, ते ज्याचं त्याला माहीत.

आणि ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी स्कॅन, रक्त, लघवी. नंतर वर्षावर्षाने, पण सोडायचं नाही. कारण मूत्राशयाला आतून जे अस्तर असतं तेच वरच्या नळ्यांना आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागालाही असतं. एका खोलीच्या भिंतीला ओल आली म्हणून ती भिंत पाडली, तरी शेजारच्या खोलीवर लक्ष ठेवावंच लागतं. ऑपरेशनं कोल्हापूरला नाहीतर गोव्याला व्हायची. तिथले टाके सुकले की माणूस आमच्याकडे, तो कायमचाच. पेढे तिकडे आणि गळकी बॅग इकडे. म्हणजे जळायची सवय मला दाजीच्या आधीपासून होती म्हणा ना.

दाजी म्हणजे वामन कुबल. रापणीवरचा माणूस. समुद्रात लांबलचक जाळं सोडून किनाऱ्यावरून दोरांनी ओढतात, त्या दोरावर जन्म गेलेला. तोंडात बिडी सकाळपासून. लघवीतून रक्त गेलं तेव्हा उष्णता झाली म्हणून धण्याचं पाणी पीत बसला आणि फार उशिरा डॉक्टरकडे गेला. ऑपरेशन होऊन आमच्याकडे आला तेव्हा पोटाकडे बघायलाच तयार नव्हता. मी बॅग बदलायला गेले की तो आढ्याकडे बघत पडायचा आणि त्याची बायको, सुमन वहिनी, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी रोज त्याचा हात धरून तिथे न्यायची. तो रोज काढून घ्यायचा. एक दिवस त्याने आपणहून मान वाकवून बघितलं. ते तोंड आतड्याचंच असतं, त्यामुळे अधूनमधून आपसूक हलतं. बघत राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, ह्यां जितां आसा मां." मी म्हटलं, आहेच जिवंत, आणि तुम्हालाही जिवंत ठेवणार आहे. त्या दिवशी त्याने पहिली बॅग स्वतः लावली. वाकडी लावली, पण लावली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की दाजीला घडवलं मी. बॅगेचं भोक किती कापायचं, भोवतीची कातडी कशी कोरडी करायची, लघवीत शेंबडासारखं काही आलं तर घाबरायचं नाही कारण आतड्याचा तो स्वभावच, हे सगळं त्याला मी शिकवलं. पुढे तो जगाला शिकवत सुटला. आयत्या बिळावर नागोबा.

सुरुवात नांदगावच्या एका निवृत्त गुरुजींपासून झाली. गुरुजींचं हेच ऑपरेशन झालेलं. सगळं व्यवस्थित, पण घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. वास येईल, गळेल, लोक बघतील. मी त्यांच्या घरी जाऊन आले, पुन्हा गेले, कागदावर चित्रं काढून समजावलं. गुरुजी मान डोलवायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा खाटेवर. एकदा तपासणीच्या दिवशी त्यांच्या मुलाची आणि दाजीची आमच्या बाकावर गाठ पडली. पुढच्याच आठवड्यात मला गुरुजी बाजारात दिसले, दाजीबरोबर, हातात ताजे बांगडे भरलेली पिशवी. मी तिथेच विचारलं, कसं काय जमलं? गुरुजी म्हणाले, दाजी घरी आला, तासभर गजाली मारल्या, आणि मग सदरा वर करून म्हणाला, इतको वेळ माझ्या सदऱ्याखाली बॅग होती, दिसली तुमका? मी हसले. हसावंच लागलं. घरी जाऊन मात्र त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग त्याच गुरुजींच्या बॅगा एप्रिल-मेमध्ये पटापट सुटायला लागल्या. लावली की दुसऱ्या दिवशी गळाली. मी कातडी तपासली, मापं पुन्हा घेतली, पावडर बदलली. शेवटी विचारलं, बॅगांचे खोके ठेवता कुठे? तर आंब्याच्या अढीच्या खोलीत. पेंढ्यात आंबे पिकत घातलेले, त्या उबेने खोली तापलेली, आणि तिथेच बॅगांचा डिंक मऊ पडलेला. इकडे घराघरात तीच एक बंद, कोरडी खोली, म्हणून गुरुजींनी मौल्यवान वस्तू तिथे ठेवली. खोके दुसरीकडे हलवले आणि प्रश्न मिटला. मी शोधून काढलं हो हे, माझ्या डोक्याने. आणि गुरुजी काय म्हणाले? "बरं झालं, दाजीने आग्रहच धरला होता, सिस्टरांना विचारा म्हणून." काय बोलणार? श्रेय पुन्हा मिठबावला.

पुढे तर सगळाच ताळ सुटला. नवीन बॅग लागलेला जो तो "दाजीक विचारलंय" म्हणत यायचा. मी जे सांगायची तेच तो सांगायचा, पण मी सांगितलं की सूचना आणि त्याने सांगितलं की उपदेश. स्कॅन टाळणाऱ्या एकाला मी फोन करकरून दमले. तो एक दिवस आपणहून हजर. का आलात? तर "दाजी रागावलो". मी रागावले त्याचं काहीच नाही. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की सिस्टर, नव्या माणसाला दाजीचा नंबर देत जा. मग मीच माझ्या हाताने त्याचा नंबर लिहून द्यायला लागले. पोटात दुखत असताना हसून नंबर लिहून द्यायचा, हे सुईने शीर शोधण्यापेक्षा कठीण काम आहे.

अशी पाच वर्षं झाली. या पाच वर्षांचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला डॉक्टरांनी दाजीला सांगितलं होतं की पहिली पाच वर्षं जास्त जपायचं. डॉक्टरांनी म्हटलं जपायचं, दाजीने ऐकलं मुदत. त्याने गावच्या देवीला नवस केला की पाच वर्षं धड काढली तर साडीचोळी, नारळाचं तोरण आणि गावजेवण. पाच वर्षं धड गेली आणि त्याने नवस फेडला. मला आमंत्रण गुरुजींकडून आलं. दाजीकडून नाही. हे मी विसरलेले नाही.

मी गेले. देवळात गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवीसमोर गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांच्या वतीने मागणं मांडलं, की ह्या तुझ्या लेकराची पीडा तू दूर केलीस, आता ती माघारी फिरायची नाही. आणि अख्ख्या गावाने एका आवाजात "होय महाराजा" म्हटलं. बॅग लावलेली सात-आठ माणसं तरी तिथे असतील, जिल्हाभरातून आलेली. सगळे दाजीच्या भोवती. दाजीने देवीचे आभार मानले, कोल्हापूरच्या डॉक्टरांचे मानले, ज्याने त्याला गाडीतून कोल्हापूरला नेलं त्या ड्रायव्हरचेही मानले. मी खांबाला टेकून वाट बघत होते. माझं नाव काही आलं नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं फक्कड झालं होतं म्हणतात. मला चव कळली नाही.

नंतरच्या वर्षी दाजीच्या तपासणीचा महिना आला आणि गेला. दाजी आला नाही. आणखी एक महिना गेला. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, आता सापडला. जगाला शहाणपण शिकवणारा स्वतः स्कॅन चुकवतो. फोन लावला तर कायम बिझी. असणारच. मग रविवारी दोन गाड्या बदलून मी मिठबावला गेले. कोणी म्हणेल काय कर्तव्यदक्ष नर्स. कसलं कर्तव्य? मी त्याला पकडायला गेले होते. कर्तव्यानेच करायचं असतं तर मी चार वेळा फोन लावला असता, लागत नाही म्हणून शेरा मारला असता आणि गप्प बसले असते. जळफळाट माणसाला गाडीत बसवतो.

घरापुढच्या खळ्यात शिरले तर दाजी पडवीत फोनवर, मोठ्या आवाजात. "स्कॅन चुकवू नको हां. कंटाळो केलंस तर माझ्याशी गाठ आसा." मी उभी राहून सगळं ऐकलं. त्याने फोन ठेवला, मला बघून गडबडला, वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, चहा नंतर, तुमचा स्कॅन कुठे आहे? तो म्हणाला, होतलो मगे, म्हणजे होईल नंतर, आणि बॅग रिकामी करायला मागच्या न्हाणीकडे निघाला. मी पाठोपाठ गेले. माझ्यासमोर त्याला कसली लाज? तोटी उघडली आणि मी भांडण विसरले. लघवी फिक्या कोकम सरबताच्या रंगाची होती.

"पुसताना लागला आसात," तो म्हणाला.

आता हे बघा. पोटावरचं ते तोंड नाजूक असतं. बॅग बदलताना फडक्याला थोडं रक्त लागलं तर त्यात काही नाही. पण बॅगेतल्या लघवीतच रक्त असेल तर ते वरून, आतून आलेलं असतं, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. फडक्यावरचं सोडा, बॅगेतलं सोडू नका. हे मी दाजीला शिकवलं होतं आणि दाजीने ते जिल्हाभर पोचवलं होतं. त्याने तोटी बंद केली, हात धुतले, पुन्हा धुतले. पडवीत येऊन बसल्यावर खाली बघत म्हणाला, "सिस्टर, अख्ख्या गावान होय महाराजा म्हटल्यान. आता मी तपासूक गेलंय तर देवीक खोटी पाडल्यासारखां नाय?"

म्हणजे रक्त त्याला दिसत होतं. कळतही होतं. पण नवस फेडलेला, देवीने पत्करलेलं, गावाने रुकार दिलेला. त्यानंतर स्कॅनच्या यंत्रात जाऊन झोपायचं म्हणजे देवीचा शब्द पडताळून बघायचा. ही चूक मुंबईचा माणूस करणार नाही, घाटावरचाही करणार नाही. आमचाच माणूस करणार. मी त्याला समजावलं. अस्तराचं सांगितलं, वरच्या नळ्यांचं सांगितलं, लवकर कळलं तर काय वाचतं आणि उशीर झाला तर काय जातं तेही सांगितलं. आवाज चढवला, मग खाली आणला. दाजी प्रत्येक गोष्टीला होकार देत होता आणि जागचा हलत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की हा माणूस बसल्या जागी मरणार, आणि मी पकडायला म्हणून आले ती फक्त बघून परत जाणार.

सुमन वहिनी आतल्या दारात बसून नारळ खवत होती. ती विळीवरून न उठताच बोलली. "देवीक गाऱ्हाणां दर वर्साक घालतास मां? गेल्या वर्साचां पुराक नाय?"

दाजीने तिच्याकडे बघितलं.

"देवी कधी रागावली, परत कित्याक इलास म्हणान?"

एवढंच. पुन्हा खवायला लागली. दाजी उठला आणि खुंटीवरचा सदरा मागितला. मी वहिनीकडे बघत होते. इतका संताप आला मला. मीही ह्याच मातीतली, माझ्या माहेरीही दरसाल गाऱ्हाणं होतं, मग हे मला का नाही सुचलं? इतकी वर्षं मी दरसालची तपासणी लोकांच्या गळी उतरवतेय, आणि ही बाई नारळ खवता खवता दोन वाक्यांत काम करून मोकळी.

स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या वरच्या नळीत गाठ निघाली. लहान होती, बाहेर पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं. ती नळी आणि डावं मूत्रपिंड काढायचं ठरलं, पुन्हा कोल्हापूरला. निघताना दाजी इस्पितळात आला आणि आपला मोबाईल माझ्या हातावर ठेवला. "लोक फोन करतले. उचला."

इतक्या वर्षांत ज्या फोनवर मी जळत होते तो माझ्या एप्रनच्या खिशात आला. तो वाजायचा आणि मी तयारीत असायची. गळती, डिंक, खाज, सगळ्याची उत्तरं तोंडपाठ. पण तसलं कोणी काही विचारतच नव्हतं. एका बाईला विचारायचं होतं की बॅग लावून सत्यनारायणाला बसलेलं चालतं का. एकाची मुलगी लग्नाची होती, व्याह्यांना सांगायचं की नाही म्हणून तो हवालदिल होता. तळेऱ्याचा एक हॉटेलवाला पावसापाण्याचं बोलला, काजूच्या भावाचं बोलला, मग गप्प झाला आणि म्हणाला, दाजी परत कधी येतले? त्याला काय विचारायचं होतं ते मला नुसत्या गप्प होण्यावरून कळलं. मी नर्स, त्याची बायको रात्री कुठे झोपते हे तो मला कसं सांगणार?

सत्यनारायणवाल्या बाईला मी म्हटलं, खुशाल बसा. मग राहवेना म्हणून विचारलं की ओपीडीत दर खेपेला मी समोर असते, तेव्हा हे का नाही विचारलंत? ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "तुमका विचारूक लाज नाय ओ सिस्टर. पण तुमका बॅग नाय मां."

फोन ठेवून मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. हेवा बऱ्याच गोष्टींचा केलाय मी आयुष्यात. दुसरीच्या बढतीचा, दुसरीच्या सुनेचा. पण पोटावर लटकणाऱ्या लघवीच्या बॅगेचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन. आणि त्याला औषध नाही. बॅग शिकून येत नाही, वय वाढून येत नाही. ती ज्याला लागली त्यालाच लागते.

दाजी ऑपरेशन करून परत आला, निम्म्याने वाळलेला. मोबाईल मागून घेतला, आलेल्या फोनांची नावं वर-खाली करून बघितली आणि म्हणाला, "बरेच बोललास." बस. त्यातच काय ते समजायचं. मी फोन दिला तेव्हा खिसा हलका झाला आणि मला ते आवडलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी निवृत्त झाले.

एक मूत्रपिंड गेलेलं, आजार एकदा परत आलेला, म्हणून दाजीच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. दर काही महिन्यांनी. त्यातल्या पहिल्या स्कॅनच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी सांडगे घालत होते आणि फोन वाजला. दाजी. त्याने विचारलं, उपाशीपोटी जायचं ना? मी म्हटलं, हो. पाणी किती वेळ आधी बंद? ते सांगितलं. हे तो स्वतः लोकांना रोज सांगतो, मला कशाला विचारतोय ते कळेना. बोलणं संपलं तरी त्याने फोन ठेवला नाही. मागे कावळे ओरडत होते ते ऐकू येत होतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "माका भीती वाटता."

अशा वेळी काय बोलायचं ते मला इस्पितळात हजार वेळा बोलून पाठ झालेलं. घाबरायचं काही नाही, लवकर लक्षात आलंय, डॉक्टर आहेत. त्यातलं एकही तोंडाला येईना. त्याच्या फोनमध्ये जिल्हाभरातली माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही तो हे सांगू शकत नव्हता. ते सगळे तर त्याच्याच जिवावर धीर धरून होते.

"माका पण वाटता, दाजी," मी म्हटलं.

"बरां," तो म्हणाला. "मगे उद्या माझ्यावांगडा येवा, सोबतीक."